वाय-फायचं एन्क्रिप्शन चालू आहे, आता ते सुरक्षित करा

नवीन फायबर जोडणी घेतली की माणूस येतो, भिंतीवर डबा बसवतो, नेटवर्कला तुमचं आडनाव देतो, पासवर्ड म्हणून तुमचाच मोबाइल नंबर टाकतो आणि निघून जातो. फोनवर वाय-फायच्या चिन्हाशेजारी छोटं कुलूप दिसतं. बहुतेक घरांत सुरक्षेचा विषय इथेच संपतो.

ते कुलूप एवढंच सांगतं की तुमचा फोन आणि राउटर (भिंतीवरचा तो डबा) यांच्यामध्ये हवेतून जाणारी माहिती सांकेतिक रूपात जाते; यालाच एन्क्रिप्शन म्हणतात. पासवर्ड किती जणांकडे आहे, राउटरच्या सेटिंगमध्ये कोण शिरू शकतं, घरी आलेल्या पाहुण्याचा फोन तुमच्या कॅमेऱ्यापर्यंत पोहोचतो का, बाहेरच्या इंटरनेटकडून कुठली वाट उघडी आहे, यातलं काहीच ते सांगत नाही. हे सगळं वेगळं करावं लागतं, आणि ते कुणीही घरबसल्या करू शकतं. खालच्या पायऱ्या घर, दवाखाना, छोटं ऑफिस किंवा दुकान डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. क्रम बदलू नका, कारण पुढच्या काही पायऱ्या आधीच्या पायऱ्यांवर उभ्या आहेत.

सुरुवातीआधी हाताशी काय हवं

- राउटरच्या खालच्या किंवा मागच्या लेबलचा स्पष्ट फोटो. त्यावर मॉडेल, हार्डवेअरची आवृत्ती, लॉगिनचा पत्ता आणि मूळ पासवर्ड असतो.
- लॅपटॉप आणि लॅन केबल. मोबाइलवरून बरंच काही होतं, पण वाय-फायची सेटिंग वाय-फायवरूनच बदलली की मध्येच जोडणी तुटते.
- तुमचा ग्राहक क्रमांक, आणि जोडणी पीपीपीओई प्रकारची (युजरनेम-पासवर्ड टाकून सुरू होणारी) असेल तर तिचं युजरनेम, पासवर्ड आणि व्हीएलएएन क्रमांक (कंपनीने जोडणीसाठी ठरवलेला आकडा). हे केबलवाल्याकडून आधीच लिहून घ्या. ते हातात नसताना कुणी रीसेटचं बटण दाबलं तर नेट बंद पडतं आणि माणूस येईपर्यंत बंदच राहतं.
- वही आणि पेन. नवे पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवणं वाईट नाही. राउटरच्या डब्यावर चिकटवणं वाईट.
- घरातल्या सगळ्या जोडलेल्या वस्तूंची यादी: फोन, लॅपटॉप, टीव्ही, प्रिंटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा), स्मार्ट बल्ब, एसी. पासवर्ड बदलला की यातली प्रत्येक वस्तू पुन्हा जोडावी लागते.

१. एन्क्रिप्शन नेमकं कुठून कुठपर्यंत आहे, ते समजून घ्या

वाय-फायचं एन्क्रिप्शन फोनपासून राउटरपर्यंत असतं. राउटरमध्ये माहिती उलगडली जाते आणि पुढे तारेवरून जशी आहे तशी जाते. बँकेची साइट पुढेही सुरक्षित राहते ती एचटीटीपीएसमुळे, म्हणजे ब्राउझर आणि साइट यांच्यातल्या वेगळ्या एन्क्रिप्शनमुळे, तुमच्या वाय-फायमुळे नव्हे.

हवेतसुद्धा सगळंच झाकलं जात नाही. प्रत्येक उपकरणाचा मॅक पत्ता (वाय-फायवरचा त्याचा ओळख क्रमांक), नेटवर्कचं नाव, कोण किती वेळ आणि किती डेटा पाठवतो, हे बाहेरून दिसतं. पलीकडच्या फ्लॅटमध्ये लॅपटॉप घेऊन बसलेल्या माणसाला तुम्ही काय वाचता ते दिसणार नाही, पण तुमच्या घरी कोणी जागं आहे की नाही याचा अंदाज येऊ शकतो.

सर्वांत जास्त गैरसमज पुढच्या गोष्टीबद्दल आहे. डब्ल्यूपीए-२ हा वाय-फायच्या एन्क्रिप्शनचा एक प्रकार. घरगुती डब्ल्यूपीए-२ मध्ये सगळ्यांचा पासवर्ड एकच असतो. फोन जोडला जाताना तो आणि राउटर यांच्यात चार निरोपांची देवाणघेवाण होते, तिला हँडशेक म्हणतात. पासवर्ड माहीत असलेल्या कोणी ही देवाणघेवाण टिपून ठेवली, तर त्या फोनची हवेतली माहिती त्याला उलगडता येते. म्हणजे ज्याला ज्याला पासवर्ड दिला, त्याच्यापुरतं डब्ल्यूपीए-२ चं एन्क्रिप्शन जवळजवळ नाहीच. त्यानंतर आलेल्या डब्ल्यूपीए-३ मध्ये ही उणीव दूर केली आहे. तिथे पासवर्ड माहीत असूनही दुसऱ्याची टिपलेली माहिती उलगडत नाही.

२. राउटरमध्ये शिरा आणि आधी त्याचाच पासवर्ड बदला

दोन पासवर्ड असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक वाय-फायला जोडायचा, दुसरा राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा. दुसरा बहुतेक घरांत कारखान्यातून आला तसाच राहतो, आणि तो ॲडमिन-ॲडमिन इतका साधा असू शकतो.

राउटरचा पत्ता फोनवरच सापडतो. अँड्रॉइडवर वाय-फायच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कचा तपशील उघडा आणि ‘गेटवे’ पाहा. आयफोनवर त्याच जागी ‘राउटर’ असं लिहिलेलं असतं. साधारणपणे १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओच्या डब्यांवर १९२.१६८.२९.१. हा पत्ता ब्राउझरमध्ये वरच्या पट्टीत इंग्रजी अंकांत टाका. गूगलच्या शोधात टाकू नका. तिथे राउटर लॉगिनच्या नावाखाली भलत्याच साइट समोर येतात.

आत गेल्यावर ‘सिस्टिम’, ‘मॅनेजमेंट’ किंवा ‘ॲडमिनिस्ट्रेशन’ अशा नावाखाली लॉगिनचा पासवर्ड बदला. तो वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळाच हवा. दोन्ही सारखे ठेवले की पाहुण्याला वाय-फाय देताना राउटरही दिलात.

कंपनीने दिलेल्या डब्यात अनेकदा दोन खाती असतात, एक तुमचं आणि एक कंपनीच्या माणसांचं. दुसऱ्या खात्याचा पासवर्ड सगळ्या ग्राहकांना एकच असेल तर तुमचं खातं बदलून फारसा फायदा नाही. केबलवाल्याला हे सरळ विचारा. उत्तर पटलं नाही तर त्याचा डबा ब्रिज मोडवर (म्हणजे नुसती जोडणी पुढे देण्यापुरता) टाकायला सांगा आणि त्याच्यामागे स्वतःचा राउटर लावा. आमच्या मते ज्यांना दोन-तीन हजारांचा खर्च परवडतो त्यांनी हे करावंच. आपला राउटर म्हणजे अपडेट, पासवर्ड, सगळं आपल्या हातात.

३. एन्क्रिप्शनचा योग्य प्रकार निवडा

‘वायरलेस सिक्युरिटी’च्या यादीत पाच-सहा नावं दिसतील. सगळी सारखी नाहीत.

‘ओपन’ म्हणजे काहीच नाही. याची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले, तेव्हा जबाबदारी घेणारा ई-मेल नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका परदेशी नागरिकाच्या उघड्या वाय-फायवरून गेला होता. तपास आधी त्याच्याच दारात पोहोचला. बाहेरून पाहणाऱ्याला संपूर्ण घराचा एकच आयपी पत्ता दिसतो आणि तो जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याचा असतो.

डब्ल्यूईपी १९९७ पासूनचं. २००१ मध्येच त्याची किल्ली काढण्याची पद्धत जाहीर झाली, आणि २००७ पर्यंत ते काम एका मिनिटावर आलं. यादीत असलं तरी हात लावू नका. डब्ल्यूपीए हा २००३ चा तात्पुरता उपाय होता. त्यातलं टीकेआयपी (एन्क्रिप्शनची पद्धत) आता कालबाह्य आहे. ते चालू असल्याची एक खूण सांगतो: वाय-फायचा वेग ५४ एमबीपीएसवर अडकतो, कारण नंतरच्या मानकांत टीकेआयपीसोबत जास्त वेग द्यायला मनाई आहे. शंभरची योजना घेऊनही फोनवर तीस-चाळीसच येत असतील तर केबलवाल्याला फोन करण्याआधी ही सेटिंग पाहा.

डब्ल्यूपीए-२ हे २००४ पासून आहे आणि एईएस (एन्क्रिप्शनची जास्त भक्कम पद्धत) सोबत असेल तर आजही चालतं. डब्ल्यूपीए-३ आलं २०१८ मध्ये.

काय निवडायचं ते असं:

- सगळी उपकरणं गेल्या चार-पाच वर्षांतली असतील तर फक्त डब्ल्यूपीए-३.
- जुनी-नवी मिसळलेली असतील तर डब्ल्यूपीए-२/डब्ल्यूपीए-३ मिश्र.
- राउटरच जुना असेल तर फक्त डब्ल्यूपीए-२, फक्त एईएस.

इथला सापळा म्हणजे ‘डब्ल्यूपीए/डब्ल्यूपीए-२ मिश्र’. नाव वाचून वाटतं की दोन्हीतलं चांगलं मिळेल. प्रत्यक्षात सगळ्यांना एकत्र जाणारे निरोप सर्वांत कमकुवत प्रकारात, म्हणजे टीकेआयपीत जातात.

त्याच पानावर ‘प्रोटेक्टेड मॅनेजमेंट फ्रेम्स’ किंवा नुसतं ‘पीएमएफ’ दिसलं तर चालू करा. डब्ल्यूपीए-३ मध्ये ते सक्तीचंच आहे. हे बंद असेल तर बाहेरचा माणूस खोटा निरोप पाठवून तुमचा फोन वाय-फायवरून हाकलू शकतो. हाकलण्यात त्याचा फायदा काय? फोन लगेच पुन्हा जोडला जातो आणि त्या वेळचा हँडशेक त्याला टिपता येतो. मात्र काही जुने प्रिंटर आणि स्मार्ट बल्ब पीएमएफ ‘आवश्यक’ केल्यावर जोडलेच जात नाहीत. तेव्हा ‘ऐच्छिक’ ठेवा, किंवा त्या वस्तूंसाठी पायरी ६ मधलं वेगळं नेटवर्क वापरा.

४. पासवर्ड असा ठेवा की टिपलेला हँडशेक निरुपयोगी ठरेल

डब्ल्यूपीए-२ मध्ये हँडशेक एकदा टिपला की पासवर्ड शोधायला तुमच्या घराजवळ थांबावं लागत नाही. तो माणूस घरी जातो आणि संगणकावर एकेक पासवर्ड लावून पाहतो. राउटर त्याला अडवू शकत नाही, कारण राउटरचा आता संबंधच उरलेला नाही. टिकाव लागतो तो फक्त पासवर्डचा.

२०१६ मध्ये आलेलं जीटीएक्स १०८० हे ग्राफिक्स कार्ड सेकंदाला सुमारे ४ लाख पासवर्ड तपासतं. आजची कार्डं त्याच्या कितीतरी पट वेगवान आहेत, पण हाच आकडा धरून हिशेब करू.

जन्मतारीख, आठ अंकी: शंभर वर्षांच्या सगळ्या तारखा मिळून साडेछत्तीस हजारांच्या आसपास. एक सेकंदही लागत नाही.

कुठलेही आठ अंक: १० कोटी शक्यता. चार-सव्वाचार मिनिटं.

मोबाइल नंबर: भारतात तो ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो, म्हणून ४०० कोटी शक्यता. ऐकायला प्रचंड, पण काम पावणेतीन तासांत आटोपतं. आणि तुमचा नंबर सोसायटीच्या ग्रुपवर असतो, तिथे तर शोधायचीही गरज नाही.

आता शब्द. दोन हजार साध्या शब्दांच्या यादीतून चिठ्ठी टाकून चार शब्द उचलले तर याच कार्डाला सगळ्या शक्यता तपासायला सव्वा वर्ष लागतं. पाच शब्द उचलले तर अडीच हजार वर्षं. एका शब्दाने एवढा फरक पडतो, म्हणून पाचच घ्या. मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहा, मध्ये आडवी रेघ टाका: उखळ-सातबारा-गारवा-वेलदोडा-पत्रा अशा धर्तीवर. हे पाच वापरू नका, ते आता छापून झाले. शब्द मनातून सुचवू नका; शब्दकोश डोळे मिटून कुठेही उघडा आणि बोट ठेवा. गाण्याची ओळ, श्लोक, अभंग, म्हणी टाळा. लोकप्रिय ओळी पासवर्ड फोडणाऱ्यांच्या याद्यांमध्ये असतात.

लांबी ८ ते ६३ अक्षरांपर्यंत चालते. काही टीव्ही आणि बल्ब तीस-पस्तीस अक्षरांपुढे अडखळतात, तेव्हा लहान शब्द निवडलेले बरे.

नेटवर्कचं नावही बदला. पासवर्डपासून किल्ली तयार करताना नेटवर्कचं नाव त्यात मिसळलं जातं. कंपनीने दिलेलं सर्वसाधारण नाव ठेवलं तर त्या नावासाठी आधीच तयार केलेले पासवर्ड आणि किल्ल्यांचे तक्ते शिरणाऱ्याला उपयोगी पडतात. नवं नाव वेगळं असावं, पण त्यात आडनाव, फ्लॅट क्रमांक, विंग असं काही नको. डॉक्टरांनी तर दवाखान्याचं नाव अजिबात देऊ नये.

५. डब्ल्यूपीएस बंद करा

उत्तम पासवर्डसुद्धा वाया घालवणारी ही सोय आहे. बटण दाबून किंवा आठ अंकी पिन टाकून फोन जोडता यावा म्हणून ती आली. त्या पिनचा शेवटचा अंक आधीच्या सात अंकांवरून ठरतो, म्हणजे उरले सात. शिवाय राउटर पहिले चार अंक आणि नंतरचे तीन अंक वेगवेगळे तपासतो आणि पहिला भाग चुकला हे लगेच सांगतो. त्यामुळे एक कोटीऐवजी १०,००० अधिक १,००० अशा ११,००० प्रयत्नांत पिन सापडते. डिसेंबर २०११ मध्ये हे जाहीर झालं. एका प्रयत्नाला दोन सेकंद धरले तरी सहा-सव्वासहा तास. पिन मिळाली की राउटर स्वतःहून वाय-फायचा पासवर्ड देऊन टाकतो, मग तो पाच शब्दांचा असो की पन्नास अक्षरांचा.

सेटिंगमध्ये डब्ल्यूपीएसचं पान उघडून पिन आणि बटण दोन्ही बंद करा. मग खात्री करा: विंडोजच्या लॅपटॉपवर ते नेटवर्क ‘विसरा’ आणि पुन्हा जोडायला जा. पासवर्ड विचारताना ‘राउटरवरचं बटण दाबूनही जोडता येईल’ अशा अर्थाची ओळ दिसली तर डब्ल्यूपीएस अजून जागं आहे. काही स्वस्त राउटरमध्ये बंद करूनही ते बंद होत नाही. फर्मवेअर (राउटरच्या आतला प्रोग्रॅम) अपडेट करूनही तसंच राहिलं तर राउटर बदला, दुसरा इलाज नाही.

६. आत आलेल्यांना एकमेकांपासून वेगळं करा

एन्क्रिप्शन आणि सुरक्षा यांतला फरक सगळ्यात ठळक दिसतो तो इथे. पासवर्ड मिळालेल्या प्रत्येक उपकरणाला राउटर आपलं मानतो. ते उपकरण तुमचा प्रिंटर पाहू शकतं, डीव्हीआरच्या लॉगिनवर पासवर्ड लावून पाहू शकतं, स्वतःच राउटर असल्याचं भासवून बाकीच्यांची माहिती आपल्याकडून वळवू शकतं. डब्ल्यूपीए-३ असलं तरी हे थांबत नाही, कारण हल्ला हवेतून नाही, आतून आहे. आणि पाहुणा भला असला तरी त्याच्या फोनमधलं ॲप भलं असेलच असं नाही.

दुसरं असं की दिलेला पासवर्ड परत घेता येत नाही. अँड्रॉइड १० पासून जोडलेलं कुठलंही वाय-फाय क्यूआर कोडने पुढे देता येतं, आणि त्या कोडमध्ये पासवर्ड उघड लिहिलेला असतो. भाच्याने मित्राला दाखवलेला कोड तुमच्या नकळत चार फोनमध्ये जातो.

म्हणून ‘गेस्ट नेटवर्क’ चालू करा. त्याला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड आणि तोच डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३. त्याखाली ‘पाहुण्यांना स्थानिक नेटवर्क वापरू द्या’ अशा अर्थाची खूण असेल तर ती काढा. ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ (उपकरणांना एकमेकांपासून वेगळं ठेवणारी सेटिंग) असेल तर चालू करा. मग तपासा: एक फोन गेस्टवर जोडा आणि ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. लॉगिनचं पान उघडलं तर गेस्ट नेटवर्क नावालाच वेगळं आहे. प्रिंटरचा पत्ताही तसाच टाकून पाहा.

सीसीटीव्ही, स्मार्ट बल्ब, एसी, स्वस्त टीव्ही-बॉक्स हेही गेस्टवरच टाका. या वस्तूंना अपडेट क्वचित मिळतात. एक अडचण येईल: फोन मुख्य नेटवर्कवर आणि टीव्ही गेस्टवर असेल तर फोनवरचा व्हिडिओ टीव्हीवर टाकता येणार नाही. तेव्हा नियमित अपडेट मिळणारा चांगला टीव्ही मुख्य नेटवर्कवर ठेवायला हरकत नाही. डीव्हीआर मात्र कधीच नको.

ऑफिसात किंवा दुकानात माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी पासवर्ड बदला. दहा-पंधरा माणसांपुढे हे जमत नाही. तिथे प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन देणारं ‘डब्ल्यूपीए-२ एंटरप्राइझ’ लावून घ्या, आणि लावणाऱ्याला प्रत्येक लॅपटॉपवर सर्टिफिकेटची (समोरचा खरा असल्याच्या डिजिटल दाखल्याची) तपासणी चालू करायला सांगा. ती नसेल तर खोट्या नेटवर्कला लॉगिन सहज मिळतं.

७. बाहेरच्या इंटरनेटकडची दारं बंद करा

वाय-फायचं एन्क्रिप्शन या बाजूला नसतंच. २०१६ मध्ये मिराय नावाच्या प्रोग्रॅमने जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले ते कुणाचं वाय-फाय फोडून नव्हे. इंटरनेटवर उघड्या असलेल्या उपकरणांवर कारखान्यातले साठ-एक युजरनेम-पासवर्ड लावून पाहिले, एवढंच केलं.

एकेक करून पाहा:

- ‘रिमोट मॅनेजमेंट’ किंवा ‘वॅनकडून प्रवेश’ (वॅन म्हणजे इंटरनेटकडची बाजू) बंद. टेलनेट, एसएसएच, एफटीपी (दुरून शिरण्याच्या इतर वाटा) दिसले तर तेही बंद.
- ‘यूपीएनपी’ बंद. हे चालू असताना घरातलं कुठलंही उपकरण तुम्हाला न विचारता बाहेरच्यांसाठी वाट उघडू शकतं. बंद केल्यावर काही ऑनलाइन गेमना त्रास होतो. तेव्हा फक्त त्या गेमपुरता पोर्ट (बाहेरून आत येण्याची वाट) हाताने उघडा.
- ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ आणि ‘डीएमझेड’ची (बाहेरून घरातल्या उपकरणापर्यंत वाट देणाऱ्या नोंदींची) यादी रिकामी हवी. सीसीटीव्ही बसवणारे मोबाइलवर चित्र दिसावं म्हणून इथे एक नोंद घालून जातात. ती काढा, डीव्हीआरचा पासवर्ड बदला आणि कंपनीचं ॲप वापरा.
- ‘डीएनएस’चे (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणाऱ्या सेवेचे) पत्ते पाहा. तुमच्या कंपनीचे, किंवा १.१.१.१, ८.८.८.८, ९.९.९.९ असे ओळखीचे असतील तर ठीक. स्वतः टाकले नसलेले अनोळखी पत्ते दिसले तर कुणीतरी राउटरमध्ये शिरून गेलं आहे असं समजा. अशा पत्त्यांमुळे तुम्ही बँकेचं नाव टाकता आणि दुसरीच साइट उघडू शकते.

राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी काही असेल तर तुम्ही कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे आहात आणि आयपीव्ही-४, म्हणजे आयपी पत्त्यांच्या जुन्या पद्धतीवरून तुमच्यापर्यंत थेट कोणी पोहोचत नाही. तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका. अनेक कंपन्या आता आयपीव्ही-६ ही नवी पद्धत देतात, आणि त्यात प्रत्येक उपकरणाला स्वतःचा पत्ता मिळतो. ‘आयपीव्ही-६ फायरवॉल’ चालू आहे की नाही, ते जरूर पाहा. ही सेटिंग बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

८. फर्मवेअर अपडेट करा, आणि फक्त राउटरचं नव्हे

ऑक्टोबर २०१७ मध्ये क्रॅक नावाची त्रुटी जाहीर झाली. पासवर्ड न शोधताही डब्ल्यूपीए-२ ची काही माहिती उलगडता येत होती. ती दुरुस्त करायची होती मुख्यतः फोन आणि लॅपटॉपमध्ये. मे २०२१ मध्ये फ्रॅगअटॅक्स या नावाने जाहीर झालेल्या त्रुटींपैकी काही वाय-फायच्या मूळ रचनेतल्याच होत्या. म्हणून राउटरबरोबर फोन, लॅपटॉप, टीव्ही सगळ्यांचे अपडेट घ्या.

राउटरला आपोआप अपडेटची सोय असेल तर चालू करा. हाताने करायचं असेल तर कंपनीच्या साइटवर लेबलवरची नेमकी आवृत्ती शोधा. एकाच मॉडेलच्या व्ही-१ आणि व्ही-३ च्या फाइल वेगळ्या असतात, आणि चुकीची फाइल टाकली तर राउटर कायमचा बंद पडू शकतो. काम लॅन केबलवरून करा, आधी सेटिंगची प्रत उतरवून घ्या. ज्यांच्याकडे लोडशेडिंग आहे त्यांनी इन्व्हर्टरवर असतानाच करावं. मध्येच वीज गेली तर डबा उठत नाही.

९. हे तीन उपाय करून समाधान मानू नका

नेटवर्कचं नाव लपवणं. राउटर नाव जाहीर करत नाही, पण तुमचा फोन जोडला जाताना ते नाव हवेत उघडपणे घेतो. उलट, लपवलेल्या नेटवर्कसाठी फोन बाजारात, बसमध्ये, सगळीकडे त्या नावाची हाक मारत फिरतो.

मॅक फिल्टर. परवानगी असलेल्या उपकरणाचा मॅक पत्ता हवेत उघडा असतो, आणि तो उसना घेणं सोपं आहे. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन स्वतःच बदलते मॅक पत्ते वापरतात, त्यामुळे घरचेच लोक अडकतात.

डीएचसीपी (आयपी पत्ते आपोआप वाटणारी सोय) बंद करून ते पत्ते हाताने देणं. शिरणाऱ्याला एक पत्ता ओळखायला लागतो, बस्स.

१०. बाहेरच्या वाय-फायवर हाच फरक लक्षात ठेवा

रेल्वे स्थानकांवर रेलटेलचं वाय-फाय वापरताना मोबाइलवर ओटीपी येतो. ओटीपी विचारला म्हणजे एन्क्रिप्शन आहे असं नाही. ओटीपीने तुम्ही कोण हे कळतं. नेटवर्कच्या नावाशेजारी कुलूप नसेल तर हवा उघडीच आहे. कॅफेत याच्या उलट: कुलूप असतं, पण पासवर्ड भिंतीवर लिहिलेला. तेच नाव आणि तोच पासवर्ड घालून कोणीही खोटं नेटवर्क उभं करू शकतं आणि तुमचा फोन विनातक्रार जोडला जाईल. डब्ल्यूपीए-३ सुद्धा यापासून वाचवत नाही.

अशा जागी आपली भिस्त एचटीटीपीएसवर असते. ब्राउझरने सर्टिफिकेटबद्दल इशारा दिला तर ‘तरीही पुढे जा’ कधीच दाबू नका. पैशाचे व्यवहार मोबाइल डेटावर करा, आणि काम झालं की ते नेटवर्क फोनमधून ‘विसरा’.

११. दर महिन्याला यादी पाहा, अनोळखी सापडलं तर या क्रमाने जा

राउटरमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी असते. बदलत्या मॅक पत्त्यांमुळे काही नावं अनोळखी वाटतील. घाबरू नका, एकेका फोनचं वाय-फाय बंद करून कोणती ओळ जाते ते पाहा. सगळी बंद केल्यावरही एखादी ओळ उरली तर:

१. राउटरची इंटरनेटकडची तार काढा.
२. यादीचा आणि डीएनएसच्या पानाचा फोटो घ्या.
३. फॅक्टरी रीसेट करा. पीपीपीओईचा तपशील आता लागेल.
४. फर्मवेअर अद्ययावत करा. त्याची फाइल मोबाइल डेटावरून उतरवा.
५. लॉगिनचा पासवर्ड, मग डब्ल्यूपीएस, मग वाय-फायचा पासवर्ड, मग पायरी ७ मधली दारं.
६. तार जोडा आणि उपकरणं एकेक करून परत घ्या.

एखाद्या उपकरणात घातक प्रोग्रॅम असल्याचा संशय असेल तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर तो काढण्याची साधनं मोफत मिळतात. खात्यातून पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, राउटर नंतर पाहा.

१२. डबा परत देताना किंवा विकताना

राउटरमध्ये वाय-फायचा पासवर्ड, पीपीपीओईचं लॉगिन आणि कधीकधी जोडलेल्या उपकरणांची नावंही साठवलेली असतात. मागचं रीसेटचं छिद्र टाचणीने दहा ते पंधरा सेकंद दाबून धरा, दिवे विझून पुन्हा लागले की सोडा. चालू करून लेबलवरचंच मूळ नाव दिसतं का पाहा. नवा राउटर लावताना जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड देण्याचा मोह होतो, कारण मग सगळी उपकरणं आपोआप जोडली जातात. जुना पासवर्ड तुमच्या घरच्यांपलीकडे कुणाकडेच गेला नसेल तरच तसं करा.